आधी पाणी, मग तारीख

राफ्टिंगच्या सहलीची आखणी आपल्याकडे बहुतेक वेळा नदीपासून सुरूच होत नाही. दिवाळीची सुट्टी कधी लागते, जोडून आलेला शनिवार-रविवार कोणता, माणसं किती, रेल्वेचं आरक्षण मिळतं का, माणशी खर्च किती, हे सगळं आधी ठरतं. मग एखाद्या आयोजकाला फोन जातो आणि त्या तारखेला जागा आहे का, एवढंच विचारलं जातं. किल्ल्यावर जायचं असेल तर हा क्रम चालून जातो, कारण किल्ला शनिवारी असतो तसाच रविवारीही असतो. नदीचं तसं नाही. सकाळी आठची नदी आणि दुपारी एकची नदी यांत कधीकधी एवढा फरक पडतो की पहिलीवर नवख्यांनी जावं आणि दुसरीवर जाणकारांनीही थांबावं. म्हणून धावत्या पाण्यावरच्या सहलीची आखणी पाण्यापासून सुरू व्हावी आणि तारीख, ठिकाण, माणसं त्यामागून ठरावीत, असं माझं म्हणणं आहे. ‘नदीला पाणी आहे का’ एवढी चौकशी त्यासाठी पुरत नाही. ते पाणी कुठून येतं, कोणाच्या हातात आहे, दिवसाच्या कोणत्या वेळी चढतं, किती थंड आहे, आणि मागच्या पुरानंतर खालचं पात्र तेच राहिलं आहे का, हे सगळं त्यात येतं.

महाराष्ट्रात राफ्टिंग म्हटलं की कोलाड, आणि कोलाड म्हणजे कुंडलिका. खरं तर रायगड जिल्ह्यातली ही नदी कोकणातल्या इतर नद्यांप्रमाणे पावसाळ्यानंतर रोडावायला हवी. घाटातून उतरणाऱ्या या नद्यांची लांबी थोडी, उतार तीव्र. पाऊस सरला की काही आठवड्यांत वरच्या पात्रात डोह आणि दगडगोटे उरतात. कुंडलिका मात्र मार्च-एप्रिलमध्येही राफ्ट तरंगेल इतकी वाहते, कारण तेव्हाचं तिच्यातलं बहुतेक पाणी मुळा नदीचं असतं. मुळेचं पाणी एरवी भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात गेलं असतं. ते घाटमाथ्यावर मुळशीला अडवलं गेलं, डोंगरातून पश्चिमेला वळवलं गेलं आणि सुमारे ५०० मीटर खाली भिरा इथल्या टाटांच्या वीजगृहात आणून सोडलं गेलं. हे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. ज्या धरणाखाली मुळशी पेट्यातली गावं आणि भातखाचरं गेली, ज्याच्याविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, त्याच धरणाच्या पाण्यावर आज कोलाडचं राफ्टिंग उभं आहे. सहलीला निघणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. एक तर त्या गावांचं ते देणं आहे, आणि दुसरं म्हणजे आखणीतले बरेचसे व्यावहारिक निर्णय याच एका गोष्टीतून निघतात.

भिऱ्याची यंत्रं चालली की खालची नदी भरते, थांबली की उतरते. मागणी वाढेल तेव्हा चटकन सुरू करता येणं हे जलविद्युतचं मुख्य बळ, आणि मुंबईची विजेची गरज पर्यटकांना विचारून वाढत नाही. त्यामुळे साजे गावाकडून सुरू होणारा बारा-चौदा किलोमीटरचा टप्पा सकाळच्या विसर्गाला बांधलेला असतो. पाणी येतं, राफ्ट त्याच्याबरोबर निघतात, आणि चुकलेल्यांसाठी नदी थांबत नाही. मुंबईहून पहाटे निघून महामार्गावर अडकलेला गट दहा वाजता पोहोचला, तर आयोजकाच्या हातात करण्यासारखं फारसं काही नसतं. असलंच तर उरलेल्या पाण्यावर घाईघाईने राफ्ट ढकलणं, आणि तेच करू नये. आदल्या रात्री कोलाडला मुक्काम करणं ही इथे चैन मानू नये. पुण्याहून ताम्हिणी घाटाने येणाऱ्यांनी पावसाळ्यात दरडींचा हिशेब धरून तसंच करावं. पावसाळ्यात कुंडलिकेत दोन पाणी एकत्र येतात, वरून सोडलेलं आणि आभाळातून पडलेलं. ताम्हिणीचा परिसर राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी आहे, त्यामुळे वीजगृहाचा विसर्ग नेहमीचाच असला तरी नदी नेहमीची असेलच असं नाही. मुळशीचं पाणी पूर्वेकडे पुण्याला द्यावं, ही मागणीही वारंवार होत असते. तो निर्णय ज्या दिवशी होईल, त्या दिवशी कोलाडच्या उन्हाळी राफ्टिंगचं गणितही बदलेल. काळी नदीवर, दांडेलीजवळ गणेशगुडीला चालणारं राफ्टिंग असंच सुपा धरणाच्या विसर्गावर अवलंबून आहे, आणि तिथेही हेच प्रश्न लागू पडतात.

गोव्यातली म्हादई याच्या अगदी उलट. सत्तरी तालुक्यात वाळपईजवळ तिच्यावर राफ्टिंग चालतं ते पावसाळ्यात, कारण ती पावसावर वाहते. कोणी यंत्र सुरू करून तिला पाणी देत नाही. म्हणून इथे विचारायचं ते मागच्या दोन-तीन दिवसांत वरच्या घाटात किती पाऊस झाला हे. तिचं उगमाकडचं पाणलोट क्षेत्र कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात आहे. वाळपईला लख्ख ऊन आणि वर ढग फुटलेले, असं होऊ शकतं, आणि मग उन्हातच नदी चढते. पाणी गढूळ होऊ लागलं, फांद्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, काठावरचा नेहमीचा दगड दिसेनासा झाला, तर ती पूर चढण्याची खूण समजावी. उलट दोन आठवडे पावसाने दडी मारली तर तीच नदी खरडत जावी लागेल इतकी उथळ होते. म्हादईच्या पाणीवाटपावर लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला, तरी वरच्या अंगाला पाणी वळवण्याचा वाद मिटलेला नाही. राफ्टिंगचं भवितव्य त्या वादातली लहानशी बाब आहे. तिथल्या जंगलांचं आणि शेतीचं भवितव्य फार मोठं.

हिमालयात घड्याळ आणखी वेगळं चालतं. लडाखमधली झंस्कर नदी बर्फ आणि हिमनद्यांच्या पाण्यावर वाहते. जुलै-ऑगस्टच्या उन्हात बर्फ वितळतं, ते पाणी खाली पोहोचायला काही तास लागतात, म्हणून दुपारनंतर नदी फुगते आणि पहाटे उतरते. सकाळी लवकर निघायचं आणि तंबू पाण्याच्या रेषेपासून बरेच वर ठोकायचे, हा तिथला नियम यातूनच आला. पदुमहून निमूपर्यंतच्या अनेक दिवसांच्या मोहिमेत नदी खोल घळीतून जाते. मार्च २०२४ मध्ये निमू-पदुम-दारचा रस्ता जोडला गेला असला तरी घळीत अडकलेल्या माणसापर्यंत मदत पोहोचणं सोपं झालं असं मानू नये. लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर. मुंबईहून विमानाने उतरून दुसऱ्या दिवशी वल्हं हातात घेण्याचा बेत करणारा माणूस नदीच्या आधी हवेशीच झुंजत असतो. विरळ हवेची सवय होण्यासाठी किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत, आणि सुट्टी तेवढी नसेल तर झंस्कर त्या वर्षापुरती सोडून द्यावी.

मराठी पर्यटक मोठ्या संख्येने जातात ते मात्र ऋषिकेशला, आणि तिथली गंगा ही सगळ्या प्रकारच्या पाण्यांची बेरीज आहे. देवप्रयागला अलकनंदा आणि भागीरथी मिळतात. भागीरथीवर २६०.५ मीटर उंचीचं टिहरी धरण आहे, जे मागणीच्या वेळी वीज देतं, आणि त्याखाली विसर्ग काहीसा सम करणारं कोटेश्वर. अलकनंदेवर श्रीनगरजवळ वेगळा जलविद्युत प्रकल्प आहे. त्यात उन्हाळ्याचं वितळतं बर्फ आणि जूनअखेर येणारा मोसमी पाऊस. म्हणून हंगाम साधारण सप्टेंबरअखेर ते जून, आणि जुलै-ऑगस्ट बंद. आता आपल्या सुट्ट्या या हंगामावर ठेवून पाहा. दिवाळीच्या सुमारास पूर ओसरलेला, पाणी निवळलेलं, प्रवाह मध्यम. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबासाठी याहून चांगला काळ नाही. मे महिन्याच्या सुट्टीत काठावर कडक ऊन असतं, नदी मात्र बर्फाच्या पाण्याने वाढत असते, आणि गर्दी वर्षातली सर्वाधिक. ब्रह्मपुरीपासूनचा सुमारे ९ किलोमीटरचा टप्पा, शिवपुरीपासूनचा १६ चा आणि कौडियालापासूनचा ३६ चा, यांतली निवड बहुतेक जण पैशांवर आणि वेळेवर करतात. ती त्या आठवड्यातल्या पाण्यावर आणि गटातल्या सर्वांत कच्च्या माणसावर व्हायला हवी. केंद्रीय जल आयोग ऋषिकेशच्या केंद्रावर पातळी मोजतो. तिथे इशारा पातळी ३३९.५ मीटर आणि धोका पातळी ३४०.५ मीटर आहे. जाण्याआधीचे चार दिवस ही पातळी चढते आहे की उतरते आहे, हे पाहणं कोणालाही जमण्यासारखं आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एवढा खटाटोप कशाला, रॅपिडला, म्हणजे नदीच्या खळाळत्या टप्प्याला, ग्रेड दिलेला असतोच. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीत एक ते सहा अशा श्रेणी आहेत: एक म्हणजे जेमतेम लाटा, तीन म्हणजे अनियमित लाटा आणि नेमकं वळवावं लागणारं पाणी, सहा म्हणजे जवळपास अशक्य. मोजपट्टी चांगली आहे, पण ती रॅपिडला कायमची चिकटवलेली पाटी नाही. तोच रॅपिड एका पाण्यात तीनचा आणि दुसऱ्या पाण्यात चारचा होतो; काही रॅपिड पाणी वाढलं की बुडून सपाट होतात, काही नव्याने उगवतात. कौडियाला-शिवपुरी टप्प्यातला ‘द वॉल’ माहितीपत्रकात एका आकड्याने छापलेला असतो, प्रत्यक्षात तो आकडा दिवसागणिक पडताळावा लागतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की अडकलेल्या माणसावरचा दाब चौपट होतो, हे साधं भौतिकशास्त्र त्या आकड्यात मावत नाही. थंडीही त्यात नसते. ‘अमेरिकन व्हाइटवॉटर’ या संस्थेच्या सुरक्षा-संहितेत एक जुना दंडक होता: पाणी १० अंश सेल्सियसच्या खाली असेल, किंवा सहल वस्तीपासून दूर अनेक दिवसांची असेल, तर नदी एका श्रेणीने अवघड धरावी. हिमालयातल्या बर्फाळ नद्यांना हा दंडक लावला तर ‘तीनच तर आहे’ या वाक्याचा अर्थच बदलतो.

पात्रही स्थिर नसतं. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी, पाऊस नसताना, भर हिवाळ्यात चमोलीत ऋषीगंगा आणि धौलीगंगेला लोंढा आला. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममध्ये दक्षिण ल्होनाक सरोवर फुटलं, चुंगथांगचं धरण वाहून गेलं, आणि खाली तिस्तेच्या पात्रात इतका गाळ-दगड येऊन पडला की जागोजागी तळच वर आला. अशा नदीचं दोन वर्षांपूर्वीचं वर्णन आज उपयोगाचं नाही, मग ते कितीही जाणकाराने लिहिलेलं असो. ‘पूर येऊन गेल्यानंतर हा टप्पा तुम्ही रिकाम्या राफ्टने तपासलात का’ हा प्रश्न आयोजकाला विचारलाच पाहिजे.

दुसरा समज असा की कमी पाणी म्हणजे सुरक्षित पाणी. पूर्ण खोटा नाही, पण अर्धवट आहे. जास्त पाण्यात राफ्टमधून पडलेला माणूस लांबवर वाहत जातो. कमी पाण्यात तो दगडांवर आपटतो. त्याहून वाईट म्हणजे गुडघाभर धावत्या पाण्यात उभं राहण्याचा मोह. पाय दोन दगडांच्या फटीत अडकतो आणि मागून येणारा प्रवाह माणसाला पालथा पाडून तसाच दाबून ठेवतो. म्हणून पडल्यावर पाठीवर व्हायचं, पावलं प्रवाहाच्या दिशेने पाण्यावर ठेवायची आणि उथळ, संथ पाणी येईपर्यंत उभं राहायचं नाही, हे पहिल्याच सूचनांत शिकवलं जातं. नदीवरचे छोटे बंधारे आणि पाण्यात आडवी पडलेली झाडं हीही अशीच फसवी ठिकाणं. बंधाऱ्याखालचं पाणी वरून शांत दिसतं, पण ते उलटं फिरत असतं आणि त्यात सापडलेली वस्तू, माणूस, होडी तिथेच घोळत राहते. झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं, माणूस अडकतो. पोहता येणं इथे थोडंच कामी येतं. तलावात तासभर पोहणाऱ्याचीही थंड पाण्यात पहिल्या मिनिटाला धाप लागते आणि थोड्याच वेळात हातपाय जड होतात. पोहता येत असेल तर घाबरगुंडी कमी होते, म्हणून ते यावंच. पण अंगावर नीट बसणाऱ्या लाइफ जॅकेटला पर्याय नाही. खांद्यांना धरून वर ओढल्यावर जॅकेट कानापर्यंत सरकत असेल तर ते बदलून मागावं, आणि मागताना संकोच करू नये. ओढणी, सैल दुपट्टा, गळ्यातलं लांब मंगळसूत्र, जाड जीन्स किनाऱ्यावरच राहू द्यावं.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा: हे सगळं पाहणं आयोजकाचं आणि गाइडचं काम आहे, ग्राहकाला त्यातलं काय कळणार? गाइडचं ज्ञान ग्राहकाला एका वाचनात येणार नाही, हे उघड आहे. ऋषिकेश-कोलाडचे अनेक गाइड त्याच काठावर वाढलेले आहेत, पाण्याचा रंग पाहून पातळी सांगतात, आणि त्यांच्या कौशल्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दोन गोष्टी गाइडला ठाऊक नसतात किंवा त्याच्या हातात नसतात. एक म्हणजे तुमच्या गटात कोणाला हृदयविकार आहे, कोणाला आकडी येते, कोण नुकतं शस्त्रक्रियेतून उठलं आहे, कोण लाजेखातर ‘हो’ म्हणून आलं आहे. दुसरं म्हणजे सहल रद्द झाली तर पैशांचं काय, हे गाइड ठरवत नाही. वीस जणांचा गट दूरवरून आलेला, परतीचं तिकीट संध्याकाळचं, आणि पाणी सकाळी अचानक चढलेलं, अशा वेळी काठावर उभ्या असलेल्या गाइडवर सगळ्या बाजूंनी दबाव असतो, आणि त्यातला निम्मा दबाव ग्राहकच आणतात. म्हणून ‘पाणी जास्त असेल तर आम्ही उतरणार नाही, तारीख पुढे सरकेल किंवा पैसे परत’ ही अट आरक्षणाच्या वेळीच लिहून घ्यावी, आणि एक मोकळा दिवस ठेवावा. मोकळा दिवस असला की गाइडला नाही म्हणणं सोपं जातं. पर्यटन मंत्रालयाने २०१८ मध्ये साहसी पर्यटनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी उपक्रमांच्या नोंदणीचं धोरण आणलं, ऋषिकेशबाबत २०१८ मध्ये उच्च न्यायालयाला नियम होईपर्यंत राफ्टिंग थांबवण्याचा आदेश द्यावा लागला. कागदावर बरंच आहे. नोंदणी आहे का, बरोबर बचावासाठी सेफ्टी कयाक आणि दोरीची थ्रो बॅग असते का, गाइडने जलबचावाचं आणि प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कधी घेतलं, एवढं विचारणारे ग्राहक वाढले तर तो कागद काठापर्यंत पोहोचेल.

स्वतः कयाक चालवू इच्छिणाऱ्यांना हे दुपटीने लागू आहे, कारण तिथे मागे बसून सूचना देणारा गाइड नसतो. राफ्टमध्ये चार वेळा बसल्याने कयाक येत नाही. उलटलेली कयाक पाण्यातच फिरवून सरळ करणं, प्रवाहातून बाजूच्या संथ पाण्यात शिरणं, नदी तिरपी ओलांडणं, हे शिकायला काही दिवसांचा वर्ग आणि ग्रेड एक-दोनचं पाणी लागतं. किमान तीन माणसं किंवा दोन होड्या असल्याशिवाय निघू नये, हा जगभरचा संकेत आहे.

आता धरणाचं पाणी सोडणाऱ्यांकडे वळू, कारण ग्राहकाने कितीही विचारलं तरी उत्तर देणारा कोणी हवा. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात मंडी जिल्ह्यात थलौटजवळ बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबरचा एक सहल-संचालक लार्जी प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ते राफ्टिंग करत नव्हते, कोरड्या दगडांवर उभे होते. धरणाखालची नदी कोरडी दिसते तेव्हाच ती सर्वांत फसवी असते, आणि विसर्गाची वेळ जाहीर करणं हा जिवाचा प्रश्न आहे, हे त्या दिवसाने दाखवलं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली नदीवर समर्सव्हिल धरणाच्या उद्दिष्टांत राफ्टिंगसाठीचा विसर्ग १९८६ च्या कायद्याने घातला गेला. तिथे शरद ऋतूत ठरलेल्या दिवशी पाणी सोडलं जातं आणि ते दिवस आधीच जाहीर होतात.

आपल्याकडे धरणं वीज, सिंचन आणि पिण्याच्या पाण्यासाठी आहेत, मौजेसाठी पाणी सोडा म्हणणं योग्य नाही, असं कोणी म्हणेल, आणि दुष्काळ पाहिलेल्या महाराष्ट्रात ते म्हणणं रास्तच आहे. पण मागणी जास्त पाण्याची नाही, माहितीची आहे. भिऱ्यातून जे पाणी एरवीही सुटणारच आहे, ते उद्या कोणत्या वेळी आणि किती क्युसेक सुटेल, हे आदल्या संध्याकाळी कळवायला एक थेंबही जास्त लागत नाही. पावसाळ्यात धरणांचा विसर्ग वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर रोज येतो. वीजगृहाखालच्या नदीसाठी तेच वर्षभर व्हावं. त्याचा उपयोग राफ्टवाल्यांपुरता नाही. त्याच पात्रात कपडे धुणाऱ्या बाया, जाळं टाकणारे लोक, गुरं उतरवणारी मुलं यांनाही पाणी कधी चढणार हे कळेल. साजे ते कोलाड या पट्ट्यातल्या प्रत्येक उताराच्या जागी मराठीत फलक, पाणी चढण्याआधी वाजणारा भोंगा, आणि दुसऱ्या दिवशीच्या विसर्गाची वेळ सांगणारा एक दूरध्वनी क्रमांक, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. हा खर्च वीज कंपनी, पाटबंधारे खातं आणि राफ्टिंगचे नोंदणीकृत आयोजक यांनी वाटून घ्यावा.